चिकटवलेला पत्रा कडेने पुन्हा पुन्हा सुटतोय? गोंद बदलण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. विमानाचं मॉडेल पूर्ण झालं, फ्युजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, ॲल्युमिनियमचे पत्रे झकास बसले, फोटोही काढून झाले. आठ-पंधरा दिवसांनी पंखाच्या मुळाशी एक कोपरा वर आलेला दिसतो. त्यात सुपरग्लूचा थेंब सोडून बोटाने दाबून धरला की तो बसतो, पण चार दिवसांनी शेजारचा कोपरा मान वर काढतो. मग एखाद्या पॅनेलच्या मधोमध फुगा येतो. मग 'हा गोंदच बोगस' म्हणून दुसरा आणला जातो, तिसरा आणला जातो, आणि पुन्हा तेच.

यात गोंदाचा दोष फार कमी वेळा असतो. पत्र्यात वाकवल्याचा ताण उरलेला असतो, आणि तो ताण रात्रंदिवस गोंदाला ओढत राहतो. कुठलाही लवचीक गोंद अशा सततच्या ओढीपुढे कधी ना कधी हात टेकतोच. म्हणून पहिली चाचणी गोंदाची बाटली उघडण्याआधीची. कापून, वाकवून तयार केलेला पत्रा जागेवर नुसता ठेवायचा आणि बोटं काढून घ्यायची. चारही कडा टेकलेल्या राहिल्या तर पुढे जा. एखादी कड अर्धा मिलिमीटर जरी वर राहिली, तरी तो पत्रा अजून तयार नाही. ती कड दाबून चिकटवता येईल, पण पुढचे कित्येक महिने तिला दाबून धरण्याचं काम एकट्या गोंदाकडे राहील.

खाली जे लिहिलंय ते दोन्ही प्रकारच्या मॉडेलांना लागू आहे. एक म्हणजे मोठी, रेडिओवर उडणारी स्केल मॉडेलं. यांवर ऑफसेट छपाईची वापरलेली लिथो प्लेट (छपाईयंत्रातला पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा) किंवा जाडसर ॲल्युमिनियम टेप लावतात. दुसरी म्हणजे कपाटात ठेवायची प्लॅस्टिकची लहान मॉडेलं, ज्यांवर फॉइल लावतात. कुठे काय लावायचं याचं गणित सोपं आहे. खऱ्या विमानाचा पत्रा ०.८ मिमी धरला, तर १/५ स्केलला तो ०.१६ मिमी होतो, म्हणजे जवळपास पातळ लिथो प्लेटच. १/४८ ला तोच ०.०१७ मिमी होतो, आणि स्वयंपाकघरातलं फॉइल साधारण तेवढ्याच जाडीचं असतं. जाडीचं प्रमाण चुकलं की जोड बघताक्षणी खोटे वाटतात, शिवाय जाड पत्रा लहान वळणावर बसायला तयारच नसतो. लहान मॉडेलवर जाड टेप लावून 'कडा उचलतात' म्हणणाऱ्यांची निम्मी अडचण इथेच असते.

सुटलेला पत्रा काय सांगतो

दुरुस्तीची घाई करू नका. सुटत आलेला एक पत्रा पूर्ण उचला, उलटा करा, आणि टॉर्च आडवा धरून दोन्ही पृष्ठभाग नीट बघा. गोंद कुणाकडे राहिला यावरून कारण जवळजवळ नक्की होतं.

सगळा गोंद मॉडेलवर आणि पत्र्याची आतली बाजू लख्ख असेल, तर पत्रा नीट साफ केलेला नव्हता. लाटताना लागलेलं तेल, हाताचा घाम, किंवा लिथो प्लेटवर छपाईसाठी दिलेला रसायनाचा थर, यांपैकी काहीतरी मध्ये राहिलं. गोंद त्या थराला चिकटला, धातूला नाही.

गोंद पत्र्यासोबत आला आणि त्याला प्राइमरचा किंवा पुट्टीचा पापुद्राही चिकटून आला, तर पाया कच्चा होता. नवा गोंद आणलात तरी तो याच कच्च्या पायावर बसणार.

गोंद दोन्हीकडे आहे, आणि त्याच्या ताणलेल्या तारा किंवा लाटांसारख्या रेघा दिसतात. इथे गोंदाने दोन्ही बाजू इमानाने धरल्या होत्या, पत्र्याने त्याला मधून हळूहळू फाडला. कडा आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त हाच प्रकार दिसतो.

चौथी खूण फुग्याखाली सापडते. फुगा कापला की आतला गोंद अजून मऊ, चिकट असतो आणि द्रावकाचा वास येतो. म्हणजे गोंद वाळण्याआधीच पत्रा लावला गेला.

पत्र्यातला ताण काढणं

लिथो प्लेट जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमची असते, पण गार अवस्थेत लाटून लाटून ती कडक झालेली असते. वाकवली की थोडी परत येते, आणि हा परत येण्याचा स्वभाव म्हणजेच तुमची उचललेली कड. एकाच दिशेला गोल असणाऱ्या भागासाठी, म्हणजे फ्युजलाजचा सरळ नळकांडीसारखा भाग किंवा पंखाचं पुढचं टोक, उपाय फार अवघड नाही. पत्रा हव्या त्या वळणापेक्षा लहान गोलाईच्या नळीवर किंवा लाकडी दांड्यावर ओढून वाकवायचा. हात सोडल्यावर तो थोडा उघडतो आणि बरोबर हव्या त्या वळणाला थांबतो. नळी किती लहान घ्यायची याचं कोष्टक शोधत बसू नका. एका वाया गेलेल्या तुकड्यावर दोनदा करून बघितलं की हाताला अंदाज येतो. एक सवय मात्र लावून घ्या. वाकवताना कडेचा शेवटचा अर्धा सेंटिमीटर नेहमी सरळच राहतो, कारण तिथे दाबायला पलीकडे पत्राच उरलेला नसतो. म्हणून पॅनेल सगळीकडून एक-दोन सेंटिमीटर मोठं कापा, वाकवा, आणि मग मापाला छाटा. फक्त एवढ्यानेही कडा उचलण्याच्या पुष्कळ तक्रारी बंद होतात.

टेप किंवा गुंडाळीतलं फॉइल असेल तर त्याला गुंडाळीचं वळण आधीच असतं. ते मॉडेलच्या वळणाच्या विरुद्ध गेलं तर कड उचलायला आयतंच निमित्त मिळतं. तुकडा फिरवून लावा, किंवा टेबलाच्या कडेवरून उलटा ओढून आधी सपाट करा.

दोन्ही दिशांना गोलाई असेल, म्हणजे काउलिंगचं (इंजिनावरच्या आवरणाचं) तोंड, पंखाचं टोक किंवा पंख-फ्युजलाज यांमधला फिलेट (गोलसर भरलेला सांधा), तर लिथो प्लेट तापवून नरम केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडतं आणि ६६० अंशांना वितळतं. अडचण अशी की लोखंडासारखं ते लाल होऊन इशारा देत नाही. चांगलं दिसत असतं आणि पुढच्या क्षणी मधोमध भोक पडतं. यासाठी साबणाची जुनी युक्ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

कोरड्या साबणाच्या वडीने पत्र्यावर दोन-चार ठिकाणी रेघा ओढायच्या. पत्रा चिमट्यात धरून खालून ब्लोटॉर्चची ज्योत फिरती ठेवायची, एका जागी थांबायचं नाही. साबण आधी पिवळसर होतो, मग तपकिरी, आणि मग काही सेकंदांत काळा. रेघ काळी झाली की ज्योत पुढच्या रेघेकडे. सगळ्या रेघा काळ्या झाल्या की थांबा आणि पत्रा आपसूक गार होऊ द्या. पाण्यात टाकला तरी बिघडत नाही, या धातूला त्याने कडकपणा येत नाही. नरम झालेला पत्रा हातात घेतला की लगेच कळतो. आधी हलवल्यावर खडखडणारा तुकडा आता मुका होतो आणि वाकवला तसा वाकून राहतो. हे काम उघड्यावर, द्रावकं आणि बाल्सा लाकडाच्या भुशापासून दूर करायचं, आणि त्याआधी प्लेटवरचा छपाईचा थर ॲसिटोनने पुसून टाकायचा.

सगळेच पत्रे नरम करण्याचा मोह मात्र टाळा. नरम पत्र्यावर नख लागलं तरी खळगा पडतो. सपाट भागांवर कडक पत्राच बरा दिसतो आणि बराही राहतो. शिवाय घासून, दाबून बसवताना नरम पत्रा पुन्हा कडक होत जातो. अर्ध्यावर तो हट्टाला पेटला तर जोर लावू नका, पुन्हा तापवा.

घुमट आणि खिंड: सुरकुत्यांचे दोन वेगळे आजार

गोलाईवर पत्रा चुरगळतो ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, कुठल्या गोलाईवर? कारण उपाय अगदी उलट आहेत.

स्पिनर (पुढच्या पंख्याच्या मधली टोपी), काउलिंग, पंखाचं टोक हे घुमट. इथे सपाट पत्र्याच्या कडेला धातू जास्त होतो. तो जास्तीचा धातू कुठेतरी जायला हवा, म्हणून कडेला झालरीसारख्या सुरकुत्या येतात. मधून सुरुवात करून बाहेर जात राहा, आणि सुरकुती छोटी असतानाच ती दोन्ही बाजूंनी थोडी थोडी दाबून मिटवा. उभी राहिलेली बारीक सुरकुती लाकडी काडीच्या गोल टोकाने घासून जिरवता येते. एकदा ती आडवी पडून घडी झाली की विषय संपला. ती घडी कायम दिसणार, तुकडा बदला.

फिलेट ही खिंड. एका दिशेला फुगीर, दुसऱ्या दिशेला खोल. इथे उलट होतं, कडेला धातू कमी पडतो. कड ताठ ओढली जाते आणि पत्रा मधल्या खोलगट भागावर पुलासारखा अधांतरी राहतो. कडा आधी चिकटवल्या तर मधला भाग खाली बसायला जागाच उरत नाही. फिलेटवर सर्वांत खोल रेषेत पत्रा आधी बसवायचा आणि मग बाहेर कडांकडे ताणत जायचं. फॉइल असेल तर कापसाच्या बोळ्याने सुरुवात करा, लाकूड नंतर. वरून 'बसलं' असं दिसलं तरी नखाने हलकं टिचकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली हवा आहे, आणि उन्हात पहिला फुगा तिथेच येणार.

तरीही पत्रा ऐकत नसेल तर खऱ्या विमानाचे फोटो काढा आणि त्या जागी जोड कुठे आहेत ते बघा. कारखान्यालाही सपाट पत्र्याने घुमट झाकता येत नाही. त्यांनी तो भाग ताणून, साच्यात दाबून घडवला किंवा लहान पत्र्यांत तोडला. एवढ्या भागात त्यांनी चार पॅनेलं घातली असतील आणि तुम्ही एकात उरकायला बघत असाल, तर चारांत तोडा. दिसतंही जास्त खरं.

गोंद: थोडक्यात, कारण यावर बाकी लोक भरपूर बोलतात

मोठ्या मॉडेलवर लिथो प्लेटसाठी कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह चालतो, पण त्याची शिस्त पाळली तरच. दोन्ही बाजूंना पातळ थर, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. बोटाची मागची बाजू टेकवून बघा. चिकट वाटलं तरी बोटाबरोबर तार येता कामा नये. इथे घाई सर्वांत महाग पडते. एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला प्राइमर मारलेलं ग्लास फायबर, यांमध्ये अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाटच नसते. तो तसाच आत राहतो आणि मॉडेल पहिल्यांदा उन्हात ठेवलं की वाफ होऊन पत्रा उचलतो. दमट हवेत आणखी एक भानगड होते. द्रावक उडताना गोंदाचा थर गार पडतो आणि त्यावर हवेतलं पाणी बसतं. थर दुधाळ दिसायला लागला तर तो पूर्ण साफ होईपर्यंत दुसरी बाजू टेकवू नका.

फोमच्या मॉडेलवर द्रावकाचा कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह लावू नका, तो पॉलिस्टायरीन खातो. पाण्यावरचा प्रकार घ्या आणि त्याला दुप्पट वेळ द्या.

ॲल्युमिनियम टेपचा गोंद दाबानेच धरतो आणि पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस घेतो. लावलेल्या दिवशीच रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची टिंबं) मारायला आणि पॉलिश करायला बसलात तर कडा सैल होतात. फार गारठ्यात तो नीट धरतच नाही, हेअर ड्रायरने पृष्ठभाग कोमट करून घ्या. साध्या फॉइलसाठी फॉइलचा खास द्रव गोंद मिळतो. तो पांढरा लागतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. पारदर्शक झाल्याशिवाय लावायचं नाही. ब्रशच्या रेघा राहिल्या तर त्या फॉइलमधून जशाच्या तशा दिसतात, म्हणून मऊ ब्रश आणि एकच हात.

सुपरग्लू कडांसाठी वापरू नये असं माझं ठाम मत आहे. तो कडक आणि ठिसूळ होतो, पत्रा आणि मॉडेल एकमेकांपेक्षा वेगळे हलले की तडकतो, आणि वर शेजारच्या चकचकीत धातूवर पांढरी धुरकट झाक सोडतो. ती पुसायला गेलं की पत्र्याचा पोत बदलतो.

पत्र्याची आतली बाजू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने धूसर करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि त्यानंतर बोट लावू नका. फॉइल घासता येत नाही, ते फक्त पुसायचं. मॉडेलचा पृष्ठभाग याच्या उलट, जितका गुळगुळीत तितका चांगला. फॉइलखाली एक धुळीचा कण राहिला तरी टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो. आणि पुट्टी, प्राइमर, रेझिन हे सगळं पूर्ण वाळून, आक्रसून झालेलं असू द्या. ताजी पुट्टी महिनाभर खाली बसत राहते आणि वर पत्र्यात तिचा नकाशा उमटतो.

कडा, कोपरे, जोड

ब्लेडने कापलेल्या पत्र्याच्या एका बाजूला बारीक धार वर आलेली असते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. ती खाली राहिली तर कड त्या धारेवर उभी राहते आणि गोंदाला टेकतच नाही. वर राहिली तर कापडाचा धागा, बाही, पॉलिशचा बोळा काहीही तीत अडकतं आणि कड उचकटतं. प्रत्येक तुकडा कापल्यावर उलटा ठेवून कडेवरून चमच्याच्या पाठीने किंवा लाकडी काडीने दोनदा घासा. ब्लेड बदलण्यात कंजूषी नको, बोथट ब्लेड पत्रा कापत नाही, फाडतो. टोकदार कोपरा नेहमी आधी सुटतो. पॉलिश पेपरवर एकदा टेकवून अगदी अर्धा मिलिमीटर गोल केला तर नजरेला कळत नाही, पण कोपरा टिकतो.

पत्रे एकमेकांवर चढवायचे असतील तर क्रम शेपटीकडून नाकाकडे आणि खालून वर, कौलं चढवतात तसा. मग पुढच्या पत्र्याची मागची कड मागच्यावर येते आणि हवा किंवा पुसणारा हात कडेच्या खाली शिरत नाही. बहुतेक खऱ्या विमानांतही अशीच मांडणी असते, पण अपवाद आहेत. फोटो बघूनच ठरवा.

जोड एकमेकांना भिडवून लावणार असाल तर भिडवून म्हणजे कोंबून नव्हे. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढतं. ३० सेंटिमीटरचं पॅनेल गार खोलीतून उन्हात नेलं आणि ३० अंशांचा फरक पडला, तर ते ०.२ मिमी लांबतं. आकडा किरकोळ वाटतो, पण ०.१५ मिमी जाडीच्या पत्र्याला दोन्हीकडे वाट नसेल तर तो जोडाशी उभा राहायला तेवढं पुरतं. त्यात खालचा बाल्सा दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतो, ग्लास फायबर त्याहून वेगळं वागतं. मोठ्या मॉडेलवर जोडात ब्लेडच्या पातीएवढी फट सोडा. खऱ्या विमानावरही ती रेघ दिसतेच.

रिव्हेटमुळे लाटा आलेल्या कडा

हा प्रकार फार जणांच्या लक्षात येत नाही. रिव्हेटचं प्रत्येक दाबलेलं टिंब पत्रा थोडासा ताणतं. कडेलगत दाट ओळ मारली की फक्त कडच लांब होते, मधला भाग तेवढाच राहतो. मग ती कड सापासारखी वळवळायला लागते आणि गोंदाच्या नावाने बोटं मोडली जातात. लिथो प्लेटवर रिव्हेट चिकटवण्याआधी उलट बाजूने मारा, आणि मग पत्रा सपाट लाकडावर ठेवून कड पुन्हा सरळ करून घ्या. ती 'हात काढून घ्यायची' चाचणी रिव्हेट मारल्यानंतरच करायची. फॉइलवर मात्र रिव्हेट गोंद पूर्ण धरल्यानंतरच, आणि हलक्या हाताने.

रिव्हेट कमीच बरे. ३.२ मिमीच्या गोल डोक्याच्या रिव्हेटचं डोकं साधारण ६.४ मिमी असतं. १/५ ला ते १.३ मिमी होतं, छान दिसतं. १/४८ ला ०.१३ मिमी होतं, म्हणजे सुईच्या टोकाने जेमतेम टेकवल्यासारखं. त्या स्केलवर ठसठशीत रिव्हेट दिसत असतील तर ते खऱ्या विमानावर वाटीएवढे आहेत असं समजा. आणि वेगवान विमानांच्या बाहेरच्या कातडीवर रिव्हेट बहुतेक सपाट डोक्याचे असतात, उठावदार नाहीतच.

तिथे मुळात उघडा धातू होता का?

ही बाब वरवर इतिहासाची वाटेल, पण ती तुमचे कित्येक तास वाचवते. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१डी मस्टँग या लढाऊ विमानाचा पंख सगळे हौसेने लखलखीत पत्र्याने मढवतात, आणि पंखाच्या पुढच्या धारेवर पत्रा बसत नाही म्हणून हैराण होतात. खऱ्या मस्टँगच्या लॅमिनार-फ्लो (हवा सुरळीत वाहावी असा घडवलेल्या) पंखाचे जोड आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने भरून, घासून, वर चंदेरी रंग दिलेला असे. फ्युजलाज उघड्या धातूचं, पंख रंगवलेला. रडरही (शेपटीवरचा उभा हलता भाग) कापडाने मढवलेला होता, त्यावर धातूचा प्रश्नच येत नाही. म्हणजे ज्या भागावर पत्रा सर्वांत जास्त छळतो, तिथे साधा चंदेरी रंग जास्त अचूक ठरतो. फ्युजलाजच्या चकचकीत धातूशेजारी पंखाचा मंद चंदेरी रंग ठेवून बघा, विमान लगेच ओळखीचं वाटतं.

दुसरा असाच खटाटोप म्हणजे जेट विमानांच्या मागच्या भागावरचे निळे-तपकिरी डाग. एफ-१०० सुपर सेबरच्या शेपटीकडचा भाग बघून लोक फॉइलवर ज्योत फिरवतात. ॲल्युमिनियम तापवून निळं पडत नाही. तो रंग पोलाद आणि टायटॅनियमवर येतो. तुमच्या हाती येतो तो फक्त भाजलेला गोंद आणि फुगलेला पत्रा. पारदर्शक निळा, तपकिरी, जांभळा रंग एअरब्रशने अगदी पातळ मारा.

शेजारच्या पॅनेलांच्या छटा वेगळ्या दिसायला हव्या असतील तर घासण्याची दिशा बदलणं पुरेसं आहे. एक पॅनेल लांबीत, दुसरं रुंदीत, तिसरं बारीक गोल हाताने. लोखंडी तारेची लोकर यासाठी वापरू नका, तिचे कण कडांखाली अडकतात आणि पुढे गंजाचे ठिपके दिसतात. नायलॉनचं घासणीसारखं पॅड बरं.

आधीच सुटलेल्या पत्र्याचं काय करायचं

मधला फुगा असेल तर रिव्हेटच्या जागी किंवा जोडाच्या रेघेत सुईने टोचा, हेअर ड्रायरने कोमट करा, आणि कडेकडून सुईच्या भोकाकडे हवा ढकलत आणा. भोक रिव्हेटमध्ये लपतं. आत द्रावक असेल तर दाबून लगेच सोडू नका, एक दिवस भोक उघडं राहू द्या आणि मग पुन्हा कोमट करून दाबा.

सुटलेली कड असेल तर ती जबरदस्तीने आहे तिथे दाबू नका. पकड जिथे पक्की आहे तिथपर्यंत हळूच उघडा. पातळ पाते आत सरकवून जुना गोंद टूथपिक आणि द्रावकाने काढा. मग पुढचं काम महत्त्वाचं. कडेखाली गुळगुळीत काडी ठेवून कड आतल्या दिशेला, म्हणजे मॉडेलकडे, हव्या त्यापेक्षा जास्त वाकवा. काडी काढल्यावर कड आपणहून मॉडेलला टेकली पाहिजे, थोडी दाबूनच बसली पाहिजे. तशी बसली की दोन्ही बाजूंना टूथपिकने पातळ कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, वाळेपर्यंत मध्ये मेणकागदाची चकती, मग चकती काढून दाब. मास्किंग टेप लावून दोन दिवस विसरून जा.

तेवढ्यानेही कड उचलली तर त्या पॅनेलचा नाद सोडा. हेअर ड्रायरने सगळं पॅनेल गरम करा आणि कोपऱ्यापासून जवळजवळ दुमडून मागे ओढत काढा. सरळ वर ओढलं तर खालचा प्राइमर सोबत येतो. जुन्या पत्र्यालाच मापाचा कागद समजून नवा कापता येतो, त्यामुळे दुसऱ्यांदा काम निम्म्या वेळात होतं.

उडणाऱ्या मॉडेलसाठी दोन गोष्टी, चिकटण्याशी संबंध नसलेल्या

०.१५ मिमीचा पत्रा चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम भरतो, गोंद वेगळा. शेपटीवर लावलेला प्रत्येक तुकडा गुरुत्वमध्य मागे नेतो, म्हणून पत्रे लावल्यावर तो पुन्हा काढा, आराखड्यावरच्या जुन्या खुणेवर विसंबू नका. एलरॉन, एलिव्हेटर आणि रडर या हलत्या भागांवर जाड पत्रा लावला तर बिजागरीच्या मागे वजन वाढतं आणि वेगात फडफड सुरू होऊ शकते. तिथे पातळ टेप वापरा किंवा पुढे तोलाचं वजन द्या.

दुसरं रिसीव्हरचं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवायला ॲल्युमिनियमचे काही मायक्रॉन पुरेसे असतात, म्हणजे स्वयंपाकाचं फॉइलही भिंतच. सगळं फ्युजलाज मढवायचं असेल तर अँटेनाची टोकं धातूबाहेर काढा किंवा कॅनॉपीसारख्या (वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण) उघड्या भागात ठेवा. रेंज चाचणी विमान चारही बाजूंनी आणि उलटं धरून करा, कारण पत्र्याची आडकाठी एका कोनात जाणवत नाही आणि दुसऱ्या कोनात सिग्नल पार गायब होतो.